पाटावर उभं राहून पाणी भरा

मी एक पत्र्याचा कूलर आहे. उमरखेडला बसस्टँडच्या मागं नानाजींच्या घराला लागून, एकाच अंगणात त्यांच्या आठ खोल्या आहेत, त्यातल्या चार नंबरच्या खिडकीत मी बसवलेला आहे. तोंड खोलीत, पाठ अंगणात. त्यामुळं खोलीत कोण काय बोललं ते मला समोरून कळतं आणि अंगणात कोण आलं, कोण कोणाच्या दारात किती वेळ उभं राहिलं, ते मागून. चोंबडा म्हणा हवं तर. त्याचा मला राग नाही. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे, आणि तो आज ओकून टाकल्याशिवाय मला थंड हवा देता यायची नाही.

माझा जन्म वाहिदभाईच्या दुकानातला. पत्रा कापण्यापासून रंग मारण्यापर्यंत सगळं ते स्वतः करत. त्यांची बायको बिस्मिल्लाबी बाजूला बसून माझ्या तिन्ही बाजूंच्या जाळीदार ताट्यांत गवत भरत आणि भरता भरता येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाची सात पिढ्यांची चौकशी करत. माझा हा स्वभाव बहुतेक तिथूनच आला. वाहिदभाईंनी मला हिरवा रंग दिला, डाव्या पायाच्या आतून खिळ्यानं ठोकून ११२ हा नंबर घातला आणि शेवटी एक हिरवी तार माझ्या अंगाला नटानं आवळली. त्या तारेचं दुसरं टोक प्लगच्या जाड पिनेत गेलं. तीन पिना. दोन बारीक, एक जाड.

दुकानात शिकायला आलेल्या भाच्याला ते सांगत होते, "ही जाड पिन शोभेची नाही. पंप पाण्यात बुडून राहते, कधी ना कधी आतून गळते. मंग करंट पत्र्यात येते. ही तार असली तर तो जमिनीत जाते. नसली तर जो हात लावन त्याच्यातून जाते."

इतकं सोपं आहे ते. शाळेत न गेलेल्या माणसालाही समजेल इतकं.

मला नानाजींनी विकत घेतलं. नानाजी म्हणजे गावाबाहेर कापूस आणि तुरीचं चांगलं शेत असलेला, पांढऱ्या टोपीतला, कोणालाही 'चहा घेतल्याशिवाय जाऊ नका' म्हणणारा माणूस. त्या वर्षी आठ खोल्या नव्यानं बांधून झाल्या होत्या. फरशी चकचकीत, दाराला चॉकलेटी रंग, आणि दरवाजावर पाटी: खोली भाड्याने देणे आहे, कूलरसह. आठ खोल्यांसाठी आठ कूलर आले. मी चार नंबरचा.

पहिल्याच दिवशी भानगड झाली. माझ्या प्लगला तीन पिना आणि भिंतीतल्या बोर्डाला दोनच छिद्रं. वायरिंग करणाऱ्यानं आठही खोल्यांत तिसरी तार ओढलीच नव्हती. जमिनीत खड्डा केला नव्हता, पट्टी पुरली नव्हती. नानाजींनी पाहिलं, डोकं खाजवलं आणि पकडीनं माझी जाड पिन मोडून टाकली. कट्ट असा आवाज झाला. उरलेल्या दोन पिना बोर्डात ढिल्या बसत होत्या, म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळली.

"झालं," ते म्हणाले. "कायले पाह्यजे तीन तीन पिना."

पुढच्या उन्हाळ्यात पंप बिघडला म्हणून मला वाहिदभाईंकडं नेलं. त्यांनी प्लग पाहिला आणि पंप बाजूलाच राहिला.

"नानाजी, पिन कोणी तोडली हे?"

"बसत नव्हती ना भाऊ."

"मंग बोर्ड बदलायचा होता. अंगठी बसत नाही म्हणून माणसाचं बोट तोडून टाकता का?"

नानाजी हसले. वाहिदभाईंनी नवा प्लग लावून दिला, खड्डा खणून घ्या म्हणून चारदा बजावलं. घरी आल्यावर ती पिनही गेली. त्यानंतर नानाजींनी मला कधी वाहिदभाईंकडं नेलं नाही. पंप बाहेरून कोणाकडूनही आणायचे. कानाला बरं वाटणारं बोलतो तोच कारागीर चांगला, असं मोठ्या माणसांचं असतं.

तिसऱ्या वर्षी मी गळायला लागलो. आधी फक्त झिणझिण्या. त्या वेळच्या भाडेकरूनं जाऊन सांगितलं, "नानाजी, कूलर करंट मारते. बटन बंद केलं तरी मारते." बटन बंद केलं तरी मारायचं कारण तो वायरिंगवाला. त्यानं बटन उलट्या तारेवर बसवलेलं. बटन खाली केलं की पंखा थांबायचा, माणसाला वाटायचं झालं बंद, पण करंट माझ्या अंगात तसाच उभा.

नानाजींनी यावर उपाय काढला. वखारीतून लाकडाचे आठ पाट करून आणले आणि प्रत्येक खोलीत एक दिला. पाटावर उभं राहून पाणी भरायचं, म्हणजे करंट लागत नाही. आणि खरंच लागत नव्हता. लोक खूश झाले. मालक किती काळजी घेतो म्हणाले.

तेव्हापासून या अंगणात एक रीतच पडली. नवा भाडेकरू आला की नानाजी एका हातात चावी द्यायचे आणि दुसऱ्या हातात पाट. जुना भाडेकरू जाताना नव्याला शिकवून जायचा: नळ केव्हा येतो, दूध कोणाकडून घ्यायचं, आणि पाटावर उभं राहून पाणी भरायचं. अंगणातल्या बायका एकमेकींना आठवण करून द्यायच्या, "पाट घेतला का वं?" सगळ्यांनी सगळ्यांना जपायला शिकवलं. ही तार नीट करा, असं म्हणायला कोणीच शिकवलं नाही. मी हे सगळं ऐकत होतो आणि माझ्या पत्र्यात करंट घेऊन उभा होतो.

मग चार नंबरमध्ये कोकिळा आली.

कोकिळा आणि तिचा नवरा डोमाजी. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, ती घरी ब्लाऊज शिवायची. शिवणयंत्र तिनं बरोबर माझ्या समोर मांडलेलं. दिवसभर मशीनची आणि माझी जुगलबंदी. ती माझ्याशी बोलायची हो. "आज लई भणभणतेस बाप्पा, पाणी संपलं का?" असं म्हणत उठायची, पाट ओढायची, बटन बंद करायची, बादली ओतायची. तीन उन्हाळे. एकदाही चुकली नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

नानाजींच्या बायकोशी, विमलताईंशी, तिचं चांगलं जमायचं. विमलताई लोणच्याची बरणी घेऊन यायच्या आणि दोन तास सुनेच्या माहेरचं सांगत बसायच्या. मालकीण म्हणून नव्हे, शेजारीण म्हणून.

त्या वर्षी मे महिन्यात कोकिळाच्या शुक्रवारच्या उपासाचं उद्यापन होतं. सवाशीण जेवायला घालायची. तिनं विमलताईंना बोलावलं. भर दुपारी बाराची वेळ, पत्रे तापून नुसती आग. कोकिळानं दारात विमलताईंच्या पायांवर पाणी घातलं, पाय पुसले, कुंकवाची बोटं लावली. सगळी फरशी ओली. मग रांगोळी काढून सवाशिणीसाठी पाट मांडला.

घरात पाट एकच होता.

विमलताई बसल्या. पुरणपोळी वाढली, वरून तूप. दोन घास झाले तशी माझी हवा गरम यायला लागली, पाणी संपलं होतं. विमलताईंच्या कपाळावरून घाम निघाला.

"राहू दे वं, कायले तकलीफ घेतेस," त्या म्हणाल्या.

"असं कसं काकू. सवाशीण घामानं भिजून जेवन का."

आणि कोकिळा उठली. तिनं बटन बंद केलं. मी पाहिलं, तिनं बटन बंद केलं. पाटाकडं एकदा तिची नजर गेली. जेवत्या सवाशिणीला पाटावरून कोण उठवेल? ओल्या फरशीवर, ओल्या पायांनी ती माझ्याजवळ आली, एका हातानं माझी कड धरली आणि दुसऱ्या हातानं बादली उचलली.

पुढचं मी सांगत नाही. ते माझ्याच अंगातून गेलं. मला सोडताही आलं नाही, तिलाही नाही.

आता माणसं कशी असतात ते पाहा. नानाजी रडले, खरंच रडले. कोकिळाला खांदा दिला. तेरा दिवस डोमाजीचा डबा विमलताईंच्या घरून आला. वाईट माणसं नाहीत ती. माझा राग तिथंच तर आहे. वाईट असती तर मला समजलं असतं.

पोलीस आले, वीजवाले आले. नानाजींनी सांगितलं, "मी पाट दिलेला आहे साहेब. बाई पाटावर उभी नव्हती." साहेबानं लिहून घेतलं: निष्काळजीपणा. कोणाचा, ते मेलेल्या बाईच्या नावासमोर लिहिलं. बोर्डात तिसरं छिद्र का नाही, हे कोणी विचारलं नाही. माझी मोडकी पिन चिकटपट्टीखाली होती. एकानंही पट्टी सोलली नाही. विमलताई दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. डोमाजीनं कागदावर सही केली आणि आठवडाभरानं शिवणयंत्र रिक्षात घालून निघून गेला.

मला वाटलं आता मला भंगारात टाकतील. टाकायलाच पाहिजे होतं. पण पावसाळाभर मी गच्चीवर राहिलो आणि पुढच्या मार्चमध्ये नानाजींनी मला निळा रंग मारून त्याच खिडकीत बसवलं. निळा. हिरव्या कूलरची गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक झाली होती ना. नवा पंप टाकला, पिना दोनच ठेवल्या. आणि भिंतीवर लाल रंगात लिहून घेतलं: 'पाटावर उभे राहूनच पाणी भरावे. अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही.'

या वर्षी समीक्षा आली. फुलसावंगीची पोरगी, दवाखान्यात नर्स. नानाजींनी तिचं आधार कार्ड घेतलं, फोटो घेतले, पोलीस ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म भरून दिला. मग एका हातात चावी दिली आणि दुसऱ्या हातात नवाकोरा पाट.

"हे कायले, नानाजी? पूजेले?"

"कूलरले पाणी भराले. भिंतीवर लिहून आहे, वाचून घे बेटा."

तिनं वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी माझं गवत बदलायला म्हणून तिनं बाजारातून एका म्हाताऱ्या कारागिराला आणलं. पाऊल वाजलं आणि मी ओळखलं. वाहिदभाई.

दाढी पांढरी झाली होती. त्यांनी मला ओळखलं नाही, निळा होतो मी. ताट्या काढता काढता त्यांचा हात प्लगपाशी आला. चिकटपट्टी सोलली. मोडकी पिन पाहिली आणि माझ्या पायाशी वाकले. मग नखानं माझ्या डाव्या पायाचा निळा रंग खरवडला. खालून हिरवा निघाला. आत ११२.

"ताई," ते म्हणाले, "याले हात लावू नका. या खोलीत एक बाई गेली, माहीत आहे का तुम्हाले?"

समीक्षाला माहीत नव्हतं. आठ खोल्यांतल्या कोणीही तिला सांगितलं नव्हतं. उगाच मालकाशी वाकडं कशाला.

वाहिदभाईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पहिल्या साली मीच भांडलो होतो. मंग माझ्याकडे आणणंच बंद केलं, तं मीही नाही विचारलं. जाऊन पाहाचं होतं मी. माझ्या हातचा माल होता."

समीक्षा नानाजींकडं गेली. मला पाठीमागून सगळं ऐकू आलं.

"नानाजी, आठही खोल्यांले अर्थिंग करून द्या."

"अवं, अकरा सालांत किती माणसं राहून गेली इथं. एकालेच झालं."

"एक कमी पडते का?"

"तुले पसंत नसन तं दुसरी खोली पाह्य बेटा. मी काही जबरदस्ती केली नाही."

ती कार्यालयं फिरून आली. संध्याकाळी पाय चोळत वाहिदभाईंना फोनवर सांगत होती आणि मधूनच हसत होती, रागानं हसतात तसं. वीजवाले म्हणाले, मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या पुढं मालकाचं. घरपट्टी घेणारे म्हणाले, मालकाची घरपट्टी वेळेवर भरलेली आहे, मग तक्रार काय आहे? ठाण्यात तिचा फॉर्म काढून पाहिला आणि तिलाच विचारलं, "याच्यावर एक फोटो कमी आहे, केव्हा आणता?"

ऐकलंत? खोलीत कोण राहतं याची चौकशी होते. फोटो, आधार, गावचा पत्ता, सगळं. खोली कशी आहे याची चौकशी कोणाच्याच टेबलावर नाही. हॉटेलातल्या भज्यांचं तेल तपासायला माणूस येतो, रिक्षाचे ब्रेक तपासतात, आणि ज्या चार भिंतींत माणूस उघड्या पायानं, ओल्या हातानं, बेफिकीर झोपतो त्या भिंतीतल्या तारा कोणी तपासायच्या, तर पाटानं.

वाहिदभाई म्हणाले, "सोड बेटा, माझ्या मोहल्ल्यात खोली आहे. आमच्या उमेराच्या घरी." उमेरा म्हणजे त्यांची सून.

"मी गेली तं हे खोली खाली राहणार आहे का चाचा?" समीक्षा म्हणाली. "नानाजी पाट दुसऱ्या कोणाले देतील."

रविवारी सकाळी ती बाकीच्या सातही दारांत गेली. सगळे लगेच तयार झाले असं नाही. दोन नंबरवाला खेमसिंग म्हणाला, मालकानं बाहेर काढलं तं लेकरं कुठं नेऊ. पाच नंबरची रुपीबाई त्याला म्हणाली, "लेकरं घेऊनच राहतेस ना रे त्या करंटात?" तो उठला आणि पाट घेऊन आला. नऊ वाजेपर्यंत नानाजींच्या ओसरीवर आठ पाट एकावर एक रचले गेले.

नानाजी चहाचा कप घेऊन बाहेर आले. "हे काय मांडलं? पंगत आहे का कोणाची?"

"तुमचे पाट आहे नानाजी," समीक्षा म्हणाली. "वापस घ्या. चाव्या आमच्याजवळ राहू द्या. आम्हाले तार पाह्यजे."

"समजून सांगतो तुमाले. जो पाटावर उभा राहते त्याले काही होत नाही. ते बाई पाटावर उभी नव्हती, मी काय..."

तेवढ्यात विमलताई आतून आल्या. त्यांच्या हातात एक जुना पाट होता. कुंकवाचा डाग काळा पडलेला. मी तो कुठंही ओळखला असता. त्यांनी तो न्हाणीघरात पोत्याखाली ठेवला होता, कोणाला न सांगता. बसवत नव्हतं त्याच्यावर आणि जाळवतही नव्हतं, असं त्याच म्हणाल्या. त्यांनी तो आठांच्या वर नववा ठेवला.

"ते कशी उभी राहन पाटावर?" त्या नवऱ्याकडं न पाहता म्हणाल्या. "पाट माझ्या बुडाखाली होता. मी जेवत होती. बटन तिनं बंद केलं होतं. मी पाह्यलं. पोलिसाले तुम्ही सांगत होते तवा मी दारातच उभी होती, आन माझ्या तोंडून शब्द निघाला नाही."

नानाजींनी कप ओसरीवर ठेवला.

"खड्डा खणून घ्या आज," विमलताई म्हणाल्या. "नाहीतर मी हा पाट घेऊन ठाण्यात जातो आन सारं सांगतो."

वाहिदभाईंनी लायसनवाला वायरमन आणला. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा झाला, तांब्याची पट्टी उतरली, वर कोळसा, मीठ, माती. आठ खोल्यांत हिरवी तार गेली, तीन छिद्रांचे बोर्ड बसले, बटनं सुलट झाली, आणि मीटरजवळ करंट गळताच आपोआप पडणारा स्विच लागला. माझ्या प्लगला जाड पिन परत आली.

काम संपता संपता डोमाजी आला. समीक्षानं त्याला जिनिंगमधून शोधून निरोप दिला होता. तो खोलीत आला, लाल अक्षरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रंग बदलला तरी त्यानं मला ओळखलं. कसं, ते तो जाणे. त्यानं चप्पल काढून दाराबाहेर ठेवली. बादलीतलं पाणी फरशीवर ओतलं आणि त्या पाण्यात उघड्या पायांनी उभा राहिला.

"डोमाजी, कायले..." वाहिदभाई पुढं झाले.

पण त्यानं माझ्या कडेवर हात ठेवलाच होता. जिथं तिनं धरलं होतं, तिथंच. मी चालू होतो. पाणी पडत होतं, पंखा फिरत होता. बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

"काहीच नाही लागत," तो म्हणाला. मग विचारलं, "किती वेळ लागला याले?"

वायरमननं घड्याळ पाहिलं. "सकाळी दहाले धरलं. आता चार होते."

"एक दिवसही नाही," डोमाजी म्हणाला, आणि चप्पल घालून निघून गेला. विमलताईंनी चहा ठेवला होता. तो थांबला नाही.

आता मी नीट चालतो. समीक्षा कामावरून येते, उघड्या पायानं पाणी भरते, मला शिव्या घालते की आवाज फार करतोस. भिंतीवरचं लाल लिहिलेलं तिनं स्वतः पुसलं, पण पूर्ण गेलं नाही. 'मालक जबाबदार' एवढं अजून वाचता येतं.

पण हे एक अंगण झालं. बाबुळगावात, उमरखेडात, गल्लीगल्लीत किती खिडक्यांत माझी भावंडं दोन पिनांवर उभी आहेत? मला सांगा, प्रत्येक खोलीत मरायला एक कोकिळा आणि बोलायला एक विमलताई लागणार का? चावी हातात देण्याआधी कोणीतरी शिक्क्याचा माणूस येऊन त्या तिसऱ्या छिद्रात टेस्टर घालून पाहील, आणि नसेल तार तर खोली भाड्यानं देऊ देणार नाही, एवढंच मागतोय मी. सहा तासांचं काम आहे. आम्ही अकरा वर्षं लावली.

तोवर तुम्हीच पाहा. खोली बघायला जाल तेव्हा फरशी पाहू नका, रंग पाहू नका. बोर्ड पाहा, प्लगवरची चिकटपट्टी सोलून पाहा. आणि मालकानं चावीसोबत पाट दिला, तर चावी ठेवून घ्या आणि पाट त्याच्या ओसरीवर नेऊन ठेवा.